एसी-हीटिंगचा कंत्राटदार नेमताना: दर विचारण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

कार्यालय असो, दवाखाना असो, दुकानांचं संकुल असो की शाळा, एसी-हीटिंगचं काम निघालं की पहिला फोन जातो तो "टनामागे काय दर?" हे विचारायला. तिघे तीन आकडे सांगतात. त्यातला खालचा निवडला जातो. काम झाल्यावर एका खोलीत लोक शाली घेऊन बसतात, शेजारच्या खोलीत घुसमटतात, आणि कंत्राटदार म्हणतो, "हे आमच्या कोटेशनमध्ये नव्हतं." बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. काय हवंय ते कोणी लिहून दिलेलंच नसतं, त्यामुळे तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिलेले असतात.

यातल्या बऱ्याचशा चुका क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. वेळ कमी असेल तर चौथा आणि सहावा आवरता घ्या, पण पहिला, दुसरा आणि आठवा अजिबात सोडू नका.

## १. कोणालाही बोलावण्याआधी इमारत समजून घ्या

एक फाईल उघडा आणि त्यात हे जमवा: मजल्यांचे नकाशे, छताची उंची, कोणत्या बाजूला किती काच आहे, प्रत्येक खोलीत किती माणसं किती वेळ बसतात, कोणती यंत्रं चालतात. सर्व्हर रूमसारखी चोवीस तास थंड लागणारी जागा वेगळी नोंदवा. तिला इमारतीच्या मुख्य यंत्रणेवर टाकलं तर रात्रभर अख्खी यंत्रणा एका खोलीसाठी चालते. सध्याच्या यंत्रांच्या नेमप्लेटचे फोटो काढा. निदान एका वर्षाची वीज आणि इंधनाची बिलं लावा. मंजूर वीजभार किती आणि पॅनेलमध्ये जागा किती, हे इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या. गच्चीवर जड यंत्र बसणार असेल तर स्लॅब ते पेलेल का, याचं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. ते एसीवाल्याने द्यायचं नाही.

मग तक्रारींची वही. "एसी नीट चालत नाही" ही नोंद उपयोगाची नाही. "पश्चिमेकडची बैठकीची खोली, दुपारी ३ नंतर, २८ अंश, आत बारा माणसं" अशी नोंद हवी. तापमान आणि आर्द्रता नोंदवत राहणारी छोटी यंत्रं मिळतात. चार-पाच खोल्यांत ती आठवडाभर ठेवा आणि कोणतं यंत्र कुठे ठेवलं ते नकाशावर लिहा. ही नोंद शेवटच्या टप्प्यात पुन्हा लागणार आहे.

हा टप्पा लोकांना फुकटचा वेळ वाटतो. मी एका इमारतीची देखभाल पाहत होतो, तिथला अनुभव सांगतो. एका कोपऱ्यातल्या केबिनमध्ये कायम उकडायचं. दोन कंत्राटदारांनी आल्याआल्या मोठं यंत्र सुचवून कोटेशन दिलं. तिसऱ्याने शिडी मागितली आणि फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलून आत पाहिलं. केबिनची भिंत नंतर वरच्या स्लॅबपर्यंत बांधली होती आणि हवा परत जायची जाळी भिंतीच्या पलीकडे राहिली होती. थंड हवा आत यायची, पण आतली बाहेर पडायला वाटच नव्हती. भिंतीत एक जाळी बसवली आणि प्रश्न संपला. तेव्हापासून मी माणूस पारखताना आधी एवढंच पाहतो: दर सांगण्याआधी तो मोजतो का?

तपासा: तक्रार असलेल्या प्रत्येक खोलीत हवा येण्याची आणि परत जाण्याची, दोन्ही वाटा उघड्या आहेत का? फिल्टर शेवटचा कधी साफ झाला? ही दोन उत्तरं मिळेपर्यंत नव्या यंत्राचा विषय काढू नका.

## २. काम कागदावर लिहा

कंत्राटदारांना देण्याचा हा एकच कागद असेल आणि सगळ्यांना तोच जाईल. बाहेर अमुक तापमान असताना आत किती तापमान आणि आर्द्रता हवी, यंत्रणा किती तास चालणार, आवाज किती चालेल, एक यंत्र बंद पडलं तर कोणत्या जागा तरीही चालू राहायला हव्यात, हे त्यात असावं. थंडीत हीटिंग लागत असेल तर तेही आकड्यांत लिहा. "गरमी-थंडी दोन्हीची सोय" या शब्दांवरून कोणालाही यंत्र निवडता येत नाही.

टनेजचा आकडा मात्र तुम्ही लिहू नका. हीट लोडचं, म्हणजे किती उष्णता बाहेर काढायची आहे त्याचं, गणित मागा, खोलीवार आणि कागदावर. क्षेत्रफळावरून ठोकताळ्याने टन काढण्याची सवय इतकी रुळली आहे की लोक त्यालाच गणित समजतात. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. बसून कार्यालयीन काम करणारा एक माणूस साधारण १३० वॅट उष्णता देतो. बैठकीच्या खोलीत ४० माणसं बसली तर नुसत्या माणसांचीच ५.२ किलोवॅट झाली, म्हणजे जवळपास दीड टन. काच, छत, दिवे, बाहेरून घेतलेली हवा हे सगळं त्याच्या वर. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या, दोन माणसांच्या गोडाऊनला हा हिशोब कसा लागू पडेल?

उलटी चूकही तितकीच महाग पडते. "थोडं मोठंच घेऊन ठेवू" म्हणून वाढीव टनेज घेतलं की यंत्र पटकन थंड करून बंद होतं, पुन्हा चालू होतं, पुन्हा बंद. हवेतला दमटपणा काढायला कॉइलवरून, म्हणजे यंत्रातल्या थंड नळ्यांवरून, हवा बराच वेळ फिरावी लागते, आणि तेवढा वेळच मिळत नाही. खोली थंड पण ओलसर राहते, आणि सततच्या चालू-बंदने कॉम्प्रेसर झिजतो. बॉयलर गरजेपेक्षा मोठा घेतला तरी असाच सतत चालू-बंद होत राहतो.

ताजी हवा हा या कागदावरचा सर्वांत जास्त विसरला जाणारा मुद्दा. अॅशरे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.१ या मानकात कार्यालयासाठी दर माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.३ लिटर बाहेरची हवा धरली आहे. ५०० चौरस मीटर आणि ४० माणसं असतील तर १०० अधिक १५०, म्हणजे सेकंदाला किमान २५० लिटर. ही हवा थंड किंवा गरम करायला क्षमता लागते, म्हणून स्वस्त कोटेशनमधून ती सगळ्यात आधी गळते. तुमच्याकडे दुसरं मानक लागू असेल तर ते घ्या, पण आकडा लिहा.

शेवटी, कोणाचं काम काय ते लिहा. भिंतीला भोक पाडणं आणि बुजवणं, वीजजोडणी, क्रेन, सीलिंगची दुरुस्ती, जुनी यंत्रं हलवणं आणि त्यातला गॅस (यंत्रणेत फिरून थंड करणारा, रेफ्रिजरंट) हवेत न सोडता काढून घेणं. भांडणं बहुधा याच यादीवरून होतात.

काम मोठं असेल, चिलर (पाणी थंड करून ते इमारतभर फिरवणारं मोठं यंत्र) किंवा अनेक मजल्यांची यंत्रणा असेल, तर इथे स्वतंत्र सल्लागार नेमा. जो यंत्र विकणार आहे त्यालाच किती यंत्रं लागतील हे ठरवू देणं मला पटत नाही.

## ३. यादी छोटी ठेवा, कागद स्वतः पडताळा

चार नावं पुरे. दहा जणांना बोलावलं तर एकाचंही काम नीट पाहायला वेळ मिळत नाही. प्रत्येकाकडे कायद्याने लागणारा परवाना, गॅस हाताळण्याचं प्रमाणपत्र, वीजकामाचा परवाना आणि विमा हवा. अमेरिकेत गॅस हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचं कलम ६०८ खालचं प्रमाणपत्र लागतं, युरोपीय संघात एफ-गॅस (फ्लोरिनयुक्त गॅस) नियमांखालचं. आपल्या ठिकाणचा नियम कोणता ते आधी शोधा. परवान्याची झेरॉक्स घेऊन थांबू नका. देणाऱ्या कार्यालयाकडे क्रमांक आणि मुदत पडताळा, आणि विमा चालू आहे का ते विमा कंपनीलाच विचारा.

त्यानंतर अनुभव. किती वर्षांचा, यापेक्षा कोणत्या प्रकारच्या यंत्रणेचा, हे महत्त्वाचं. स्प्लिट एसी उत्तम बसवणारा माणूस चिलरच्या पाण्याच्या पाइपिंगमध्ये नवखा असू शकतो. व्हीआरएफचं (एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्यांची युनिटं) काम वेगळं, डक्टचं (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचं) वेगळं, गॅसवर चालणाऱ्या हीटरचं त्याहून वेगळं. विचारा: "याच प्रकारचं, साधारण एवढंच काम तुम्ही कुठे केलंय?" आणि लगेच पुढचा प्रश्न: "आमच्या साइटवर रोज कोण उभं राहणार?" त्या माणसाचं नाव आणि अनुभव लिहून घ्या. भेटीला मालक येतो आणि कामाला तिसऱ्याच ठेकेदाराची माणसं येतात, हे फार वेळा घडतं. सबकॉन्ट्रॅक्ट देण्यात गैर काही नाही, पण कोणाला दिलं ते आधी कळायला हवं.

सावध: कंपनीचा अधिकृत विक्रेता असल्याचं प्रमाणपत्र म्हणजे बसवण्याचं कौशल्य असल्याचा पुरावा नाही. विक्रीचं आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र वेगळं असतं, प्रशिक्षणाचं मागा.

## ४. साइट पाहणी

प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी बोलावा, पण कागद तोच द्या. बरोबर फिरा आणि कमी बोला. चांगला माणूस गच्चीवर जातो, सीलिंग उचलतो, पॅनेल उघडायला सांगतो, बिलं मागतो, ड्रेनचं पाणी कुठे जाणार ते विचारतो. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा मिळेल का, की त्याचीच गरम हवा त्याच्यात परत शिरेल, हेही तो पाहतो. पंधरा मिनिटांत खोल्या नजरेखालून घालून टनेज सांगणाऱ्याचं नाव यादीतून खोडा, ओळख कितीही जुनी असो.

## ५. कोटेशन समोरासमोर मांडा

बेरजेच्या रकमेवरून सुरुवात करू नका. दुसऱ्या टप्प्यातल्या यादीची प्रत्येक ओळ घ्या आणि प्रत्येकाच्या कोटेशनमध्ये ती आहे का, ते पाहा. कॉपर पाईपची जाडी, इन्सुलेशनची जाडी आणि उघड्यावरच्या इन्सुलेशनला वरून कवच, डक्टच्या पत्र्याचं गेज (जाडी), फायर डॅम्पर (आग लागली की डक्ट बंद करणारी झडप), पाइपच्या लांबीनुसार लागणारा जादा गॅस, हवेचं बॅलन्सिंग (प्रत्येक जाळीतून ठरलेली हवा येईल असं जुळवणं), कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये यातल्या तीन-चार ओळी नसतात. नसतील तर रागावू नका. लेखी विचारा, सुधारित दर घ्या आणि मगच तुलना करा.

कार्यक्षमतेचा आकडा पूर्ण क्षमतेवरचा आहे की कमी भारावरचा, हे विचारा. इमारत वर्षातले थोडेच तास पूर्ण भाराने चालते. बाकीचा काळ यंत्र अर्ध्या-पाऊण भारावर असतं आणि बिल तिथेच ठरतं. म्हणूनच पंख्यांना व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आहे का तेही पाहा. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग २० टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्मी होते.

गॅस कोणता, हा प्रश्न टाळू नका. ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ हा गॅस हद्दपार होत चालला आहे, त्यावरचं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापमानवाढ घडवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. त्याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या जातीच्या गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं आहे, तेव्हा पंधरा वर्षं चालणाऱ्या यंत्राला पुढे गॅस मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील गटात येतो. लहान खोलीत गळती झाली तर किती गॅस साचेल, याचा हिशोब कंत्राटदाराने दाखवायला हवा.

## ६. जुनं काम पाहून या

प्रत्येकाची दोन कामं पाहा: एक ताजं आणि एक निदान तीन वर्षं चाललेलं. जुन्या कामावर गच्चीतल्या पाइपांचं इन्सुलेशन फाटलंय का, ड्रेनखाली डाग आहेत का, फिल्टर काढायला हात पोचतो का, ते बघा. व्यवस्थापकाशी बोला, पण त्याहून जास्त तिथल्या देखभालीच्या माणसाशी बोला. "बिघाड झाल्यावर किती वेळात कोण आलं?" या एका प्रश्नावर तो जे सांगेल ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

## ७. करारात काय बांधायचं

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. साहित्य साइटवर आल्यावर, पाइप-डक्टची चाचणी पास झाल्यावर, यंत्र चालू झाल्यावर, असे हप्ते ठेवा. शेवटची रक्कम इतकी असू द्या की तिच्यासाठी कंत्राटदार परत येईल, आणि ती बॅलन्सिंगचा अहवाल व कागदपत्रं मिळाल्यावरच द्या. वाढीव काम लेखी मंजुरीशिवाय नाही, हे वाक्य दोघांनाही वाचवतं.

यंत्राची हमी कंपनीची आणि बसवण्याची हमी कंत्राटदाराची. दोन्ही वेगळ्या लिहा, कोणत्या तारखेपासून सुरू होतात तेही लिहा. बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, तेही याच करारात.

आणि पासवर्ड! कंट्रोल आणि बीएमएसचे (इमारतीची यंत्रं संगणकावरून चालवणारी प्रणाली) सगळे पासवर्ड आणि प्रोग्रामची प्रत इमारतीच्या मालकीची, असं स्पष्ट लिहा. ते न लिहिल्यामुळे वेळापत्रकातला एक तास बदलायलासुद्धा त्याच कंत्राटदाराची वाट पाहत बसलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत.

## ८. सीलिंग बंद होण्याआधी

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त आग्रही आहे, कारण इथली चूक नंतर दिसत नाही, फक्त भोगावी लागते. सीलिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा: तुमच्या सहीशिवाय एकही फरशी लागणार नाही.

जोड. कॉपर पाइपला ब्रेझिंग (धातू वितळवून सांधणं) करताना आतून नायट्रोजन हळू वाहता ठेवावा लागतो. तो नसेल तर तापलेल्या तांब्याच्या आतल्या बाजूला काळी खपली धरते. ती सुटून कॉम्प्रेसरच्या तेलाबरोबर फिरते, व्हॉल्व्ह तुंबवते आणि काही महिन्यांनी "कॉम्प्रेसरच खराब निघाला" असं ऐकू येतं. एक नमुना जोड कापून आतून पाहायला मागा. आतलं तांबं स्वच्छ दिसलं पाहिजे. पाइपांची उघडी टोकं रात्री बंद केलेली हवीत.

दाबाची चाचणी. कोरड्या नायट्रोजनने, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाला, आणि चोवीस तास धरून. सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, दोन्ही वेळचं हवेचं तापमान, आणि मीटरचा फोटो. तापमान बदललं की दाबही थोडा हलतो, म्हणून तापमान लिहायचं.

सावध: दाबाच्या चाचणीला ऑक्सिजनचं सिलिंडर जोडताना कोणी दिसलं तर काम तिथेच थांबवा. यंत्रणेतल्या तेलाशी ऑक्सिजनचा स्फोट होऊ शकतो.

व्हॅक्यूम. म्हणजे गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. "तासभर पंप चालवला" ही चाचणी नव्हे. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन. यंत्रणा ५०० मायक्रॉनखाली न्यायची असते. हा फरक साध्या गेजवर दिसतच नाही, त्यासाठी मायक्रॉन गेज लागतो. पंप बंद करून वाट पाहा. आकडा झपाट्याने चढत राहिला तर गळती आहे. थोडा चढून एका जागी थांबला तर आत ओलावा शिल्लक आहे. ओलावा राहिला तर तेल बिघडून आम्ल बनतं.

गॅस. वजनकाट्यावर मोजून, पाइपच्या लांबीच्या हिशोबाने. किती भरला ते यंत्रावर कायमचं लिहून ठेवा. आर-४१०ए मिश्रण असल्यामुळे सिलिंडरमधून द्रवरूपातच काढायचा.

ड्रेन आणि डक्ट. प्रत्येक ड्रेन पॅनमध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते दुसऱ्या टोकाला पडताना स्वतः बघा. डक्टचे सांधे सीलंटने बंद झालेत का, लवचीक डक्ट ताणून सरळ बसवलाय की पिळवटून कोंबलाय, आगीच्या भिंतीतून जाताना फायर डॅम्पर आहे का आणि तो तपासायला झाकण आहे का, हे पाहा. बांधकाम चालू असताना डक्टची तोंडं झाकलेली हवीत, नाहीतर सिमेंटची धूळ पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या अंगावर येते.

सीलिंग लागण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा, खोलीच्या क्रमांकासह.

## ९. चालू करणं आणि मोजणं

बटण दाबल्यावर थंड हवा आली म्हणजे काम झालं नाही. प्रत्येक जाळीतून येणारी हवा मोजून ती डिझाइनच्या आकड्याशेजारी लिहिलेली हवी. कमी-जास्त असेल तर डॅम्पर फिरवून जुळवायची आणि पुन्हा मोजायची. ताजी हवाही मोजा. गॅस किंवा तेलावरचा हीटर असेल तर धुराचं विश्लेषण आणि कार्बन मोनॉक्साइडची तपासणी झाल्याशिवाय इमारतीत माणसं बसवू नका. आगीची सूचना वाजली की एएचयू (डक्टमध्ये हवा सोडणारं मुख्य यंत्र) बंद होतो का, वीज जाऊन आल्यावर यंत्रणा आपोआप नीट सुरू होते का, हे मुद्दाम करून बघा.

कूलिंग टॉवर (यंत्रणेचं गरम पाणी हवेत शिंपडून थंड करणारा) असेल तर पाण्याच्या प्रक्रियेची जबाबदारी पहिल्या दिवसापासून कोणाकडे, ते ठरलेलं हवं. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, आणि टॉवरचे तुषार दूरवर जातात.

उन्हाळ्यात काम झालं तर हीटिंगची खरी परीक्षा होत नाही, हिवाळ्यात झालं तर कूलिंगची. म्हणून दुसऱ्या ऋतूतली एक भेट करारातच बांधा आणि थोडी रक्कम तिच्यासाठी अडवून ठेवा.

## १०. ताबा

प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे सुधारलेले नकाशे, चाचण्यांचे कागद, पुस्तिका, हमीपत्रं, पासवर्ड, सुट्या भागांची यादी. देखभाल करारात सुटे भाग आणि गॅस धरलेत की नुसती भेट, हे वाचून सही करा. तुमच्या माणसाला फिल्टर काढून दाखवा असं सांगू नका. त्याला स्वतःला काढायला लावा.

मग पहिल्या टप्प्यातली तापमानाची यंत्रं बाहेर काढा. त्याच खोल्यांत, नकाशावरच्या त्याच जागी, पुन्हा आठवडाभर ठेवा. पश्चिमेच्या खोलीत बारा माणसं बसवा आणि दुपारी ३ ची नोंद पाहा. ती दुसऱ्या टप्प्यात लिहिलेल्या आकड्याशी जुळली की शेवटच्या चेकवर सही करा.